आपल्या बागेच्या नावाचं टपाल आपल्या संगणकावर

(शेतीविषयक कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



आंब्याचा मोहोर, काजूवरचा ढेकण्या, सुपारीची गळ अशा विषयांवर आपण या कार्यक्रमात नेहमी ऐकता. आजचा विषय थोडा निराळा आहे. पण तो बागेबाहेरचा आहे असं मात्र समजू नका. माल चांगला पिकवणं हे निम्मं काम झालं. तो माल खरोखर तुमचाच आहे, हे घेणाऱ्याला खात्रीनं कळणं, हे उरलेलं निम्मं.

याचं उदाहरण आपल्या जिल्ह्यातच आहे. देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्था ही १९८६ सालची संस्था. कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तरीही बाहेरचा आंबा 'देवगड' म्हणून विकायचं काही थांबलं नाही. म्हणून या संस्थेनं २०२५ च्या हंगामापासून एकेका फळावर स्वतंत्र क्रमांकाचं स्टिकर लावायची पद्धत आणली. फळ देवगडचंच, याचा पुरावा फळावरच! याच संस्थेनं इंटरनेटवर देवगडमँगो डॉट कॉम अशी आपल्या मालाच्या नावाची जागाही घेतलेली आहे.

आता आपल्या पत्रव्यवहाराकडे पाहा. आंब्याच्या पेट्या, काजूगर, कोकम आगळ घरबसल्या विकणारे बागायतदार आता गावोगाव आहेत. उत्पादक कंपन्या निघाल्या आहेत. खरेदीदाराला दरपत्रक जातं, बिल जातं, बँकेचा खाते क्रमांक जातो. हे सगळं ज्या पत्त्यावरून जातं, तो पत्ता कुणाचा आहे? फुकटातला ईमेल पत्ता वाईट नाही, घरगुती कामाला तो उत्तमच. पण तुमच्या पत्त्यातलं एखादं अक्षर बदलून तसाच दुसरा फुकट पत्ता उघडायला कुणालाही दोन मिनिटं पुरतात. याउलट, इंटरनेटवरचं नाव तुमच्या मालकीचं असेल, तर त्या नावाखाली पत्ता उघडण्याचा अधिकार तुमच्याखेरीज कुणाला नाही. फळावर स्टिकर, तसं पत्रावर हे नाव.

अशा नावाला डोमेन म्हणतात. डोमेनचा ईमेल घेऊन तो आपल्या टेबलावरच्या संगणकात कसा बसवायचा, हे आज सांगणार आहे. कागद-पेन्सिल जवळ घ्या.

डोमेन म्हणजे सातबारा, पेटी म्हणजे घर

ईमेलच्या पत्त्याचे दोन भाग असतात. समजा पत्ता आहे 'ऑर्डर @ बागेचंनाव डॉट इन'. प्रत्यक्षात ही अक्षरं सलग आणि इंग्रजीतच टाईप करायची, मी सांगण्यासाठी मराठीत म्हणतोय. मधल्या चिन्हाच्या पुढचा भाग म्हणजे डोमेन. ती तुमची जमीन. मागचा भाग म्हणजे त्या जमिनीवरची टपालपेटी. एका डोमेनवर 'ऑर्डर', 'हिशोब', 'संस्था' अशा कितीही पेट्या बांधता येतात.

जमीन घेताना आपण पहिली गोष्ट काय बघतो? सातबारा कुणाच्या नावावर आहे ते. इथंही तेच बघायचं. पुष्कळदा असं होतं की वेबसाईट करून देणारा माणूस डोमेन स्वतःच्याच नावावर घेतो. पैसे आपले, पण सातबारा त्याचा. पुढं तो धंदा बंद करून गेला, फोन उचलेना झाला, की आपण हात चोळत बसतो. तेव्हा डोमेन तुमच्या किंवा तुमच्या संस्थेच्या नावावर असलं पाहिजे. डोमेन विकणाऱ्या कंपनीच्या खात्याचा पासवर्ड तुमच्याकडे असला पाहिजे, आणि त्या खात्याला जोडलेला मोबाईल नंबरही तुमचाच असला पाहिजे.

'डॉट इन' या शेवटाची नावं भारताची. त्यांची व्यवस्था निक्सी ही संस्था बघते. वर्षाची फी साधारणपणे काही शे रुपये असते. २०१४ पासून 'डॉट भारत' असं देवनागरीतलं नावही मिळतं. मराठी माणसाला त्याचं कौतुक वाटणारच. पण पुष्कळ ठिकाणचे संगणक अजून देवनागरी ईमेल पत्ता धडपणे घेत नाहीत, म्हणून धंद्याच्या टपालाला सध्या इंग्रजी अक्षरांचंच नाव घ्यावं.

जमीन आणि घर दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून घेता येतात, तसं डोमेन एका कंपनीकडून आणि टपालपेटी दुसरीकडून घेतली तरी चालते. फक्त दोन्हींची सांगड घालावी लागते. ती कशी?

कागदी टपालाला १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोड लागू झाला. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांची ही योजना. त्याआधी एकाच नावाची गावं, वाचता न येणारं अक्षर यांमुळे पत्रं भलतीकडे जायची. आता ४१६६०६ लिहिलं की पत्र मालवणात, ४१६६१३ लिहिलं की देवगडात. ईमेलमध्ये हेच काम 'एमएक्स' नावाची नोंद करते. अमुक डोमेनचं टपाल अमुक सर्व्हरवर उतरवा, एवढंच ती सांगते. सर्व्हर म्हणजे चोवीस तास चालू असलेला मोठा संगणक, आपलं टपाल ऑफिसच म्हणा. ही नोंद डोमेनच्या खात्यात करायची असते. पेटी विकणारी कंपनी ती कोणती, हे लिहून देते. नोंद बदलल्यावर ती जगभर पोचायला काही तास, क्वचित एक-दोन दिवसही लागतात. तोवर टपाल येईना झालं तर घाबरू नका.

आधी कागदावर लिहून घ्या

पेरणीआधी बी, खत, अवजारं जमवतो, तशी पेटी देणाऱ्या कंपनीकडून पुढची माहिती आधी लिहून घ्या:

१. पूर्ण ईमेल पत्ता.
२. त्या पेटीचा पासवर्ड. डोमेनच्या खात्याचा पासवर्ड वेगळा असतो, दोन्हींची गल्लत नको.
३. येणाऱ्या टपालाच्या सर्व्हरचं नाव.
४. जाणाऱ्या टपालाच्या सर्व्हरचं नाव.
५. दोन्हींचे पोर्ट क्रमांक. पोर्ट म्हणजे सर्व्हरची खिडकी. टपाल ऑफिसात मनिऑर्डरची खिडकी वेगळी आणि तिकिटांची वेगळी, तसंच हे.
६. पेटीत किती टपाल मावतं.

पासवर्ड लांब असावा, आणि दुसरीकडे कुठंही वापरलेला नसावा. मुलाचं नाव आणि जन्मसाल हा पासवर्ड नव्हे, ती चोराला दिलेली किल्ली आहे.

आयमॅप की पॉप?

संगणकात पेटी बसवताना एक प्रश्न विचारला जातो, तो सगळ्यांत महत्त्वाचा. टपाल आणण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीचं नाव 'पॉप', दुसरीचं 'आयमॅप'.

पॉप म्हणजे पोस्टमननं पत्र घरात आणून टाकलं आणि टपाल ऑफिसातलं काम संपलं. पत्र आता तुमच्या घरात. सर्व्हरवर त्याची प्रत ठेवायची सोय असते, पण ती सेटिंग करणाऱ्याच्या लक्षात असेल तर! आयमॅप म्हणजे मूळ पत्र सर्व्हरवरच राहतं. घरचा संगणक, मुंबईतल्या मुलाचा फोन, संस्थेच्या ऑफिसातला संगणक, सगळ्यांना तीच पेटी दिसते. एकानं पत्र वाचलं की दुसऱ्यालाही ते वाचलेलं दिसतं.

आमच्या परिचयाच्या एका बागायतदारांची हकिकत सांगतो. त्यांचं स्वतःच्या नावाचं डोमेन होतं. संगणक बसवून देणाऱ्यानं पेटी पॉप पद्धतीनं लावली, आणि सर्व्हरवर प्रत न ठेवण्याची. घरच्या संगणकावर ऑर्डरी येत होत्या, मुंबईतल्या मुलाच्या फोनवर मात्र पेटी रिकामी. मुलगा म्हणे ऑर्डर नाहीत, बाप म्हणे आहेत. मे महिन्यात वळवाचा पाऊस आला, वीज कडाडली आणि संगणक जळाला. कुणी किती पेट्या सांगितल्या, कुणी आगाऊ पैसे भरले, सगळं त्यातच गेलं. ऐन हंगामात एकेका गिऱ्हाइकाला फोन करून, 'तुम्ही किती सांगितलं होतं हो?' असं विचारायची वेळ आली. काही गिऱ्हाइकं पुन्हा फिरकलीच नाहीत. नुकसान संगणकाचं झालं ते थोडं, शब्दाचं झालं ते मोठं.

म्हणून, एकापेक्षा जास्त जागी टपाल बघायचं असेल तर आयमॅपच निवडा.

आता प्रत्यक्ष बसवू या

संगणकावर टपाल बघण्यासाठी स्वतंत्र प्रोग्रॅम असतात. आउटलुक हा पुष्कळांना माहीत आहे. विंडोजमधला जुना 'मेल' मात्र मायक्रोसॉफ्टनं २०२४ च्या अखेरीस बंद केला, तेव्हा जुन्या माहितीवर जाऊ नका. थंडरबर्ड हा मोझिलाच्या मंडळींचा प्रोग्रॅम २००४ पासून फुकट मिळतो, आणि विंडोज तसंच लिनक्स दोन्हींवर चालतो. मी तोच धरून सांगतो. इतर प्रोग्रॅममध्ये शब्द थोडे इकडेतिकडे असतील, पण विचारलेली माहिती तीच.

पहिली पायरी. थंडरबर्ड मोझिलाच्या स्वतःच्या जागेवरूनच उतरवून घ्या. भलत्या ठिकाणाहून घेतलेल्या प्रोग्रॅमबरोबर काय येईल सांगता येत नाही.

दुसरी पायरी. प्रोग्रॅम उघडला की तो नवीन अकाउंटची चौकट दाखवतो. त्यात तीन गोष्टी मागतात: नाव, ईमेल पत्ता, पासवर्ड. पहिल्या रकान्यात लिहिलेलं नाव समोरच्याला दिसतं. तिथं बागेचं किंवा संस्थेचं नाव घाला.

तिसरी पायरी. 'कंटिन्यू' दाबा. प्रोग्रॅम सर्व्हरची नावं आपणहून शोधतो. त्याला सापडली तर उत्तम, तरी कागदावरच्या माहितीशी ताडून पाहा. नाही सापडली तर 'मॅन्युअल' म्हणजे हातानं भरण्याची चौकट उघडा.

चौथी पायरी, येणारं टपाल. प्रकार आयमॅप. सर्व्हरचं नाव कागदावर असेल ते. पोर्ट ९९३. सुरक्षितता 'एसएसएल/टीएलएस'. याचा अर्थ असा की वाटेत कुणी पत्र उघडून वाचू शकणार नाही. साधं पोस्टकार्ड आणि बंद पाकीट यांत जो फरक, तोच इथं. युजरनेमच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी पूर्ण ईमेल पत्ता लागतो, नुसतं 'ऑर्डर' लिहून भागत नाही.

पाचवी पायरी, जाणारं टपाल. याला 'एसएमटीपी' म्हणतात. पोर्ट ४६५ असेल तर सुरक्षितता 'एसएसएल/टीएलएस', आणि पोर्ट ५८७ असेल तर 'स्टार्टटीएलएस'. ही जोडी चुकली की टपाल येतं, पण जात नाही. जुन्या पुस्तकांत २५ हा क्रमांक दिलेला असतो. घरगुती जोडणीवर तो बहुधा बंदच असतो, त्याच्या नादी लागू नका. युजरनेम आणि पासवर्ड इथंही द्यावाच लागतो.

सहावी पायरी. पासवर्डाची पद्धत, म्हणजे 'ऑथेंटिकेशन', साधारणपणे 'नॉर्मल पासवर्ड'. मात्र तुमची पेटी गूगल किंवा मायक्रोसॉफ्टच्या सेवेत असेल, तर तिथं 'ओऑथ टू' निवडा. मग त्या कंपनीची चौकट उघडते आणि पासवर्ड तिथं द्यायचा असतो.

सातवी पायरी. 'डन' दाबा, आणि लगेच दोन पत्रं पाठवून बघा. एक स्वतःलाच, आणि दुसरं घरातल्या कुणाच्या तरी फुकटातल्या पत्त्यावर. तिकडून उत्तरही मागवा. गेलेलं पत्र पोचलं आणि आलेलं दिसलं, म्हणजे काम फत्ते.

नेहमीच्या अडचणी

पासवर्ड बरोबर असूनही 'चूक' म्हणत असेल, तर आधी कळफलक बघा. मराठी टायपिंग चालू राहिलं असेल. कॅप्सलॉक लागला असेल. पत्त्याच्या शेवटी एखादी मोकळी जागा पडली असेल. पोर्टचे आकडेसुद्धा इंग्रजी आकड्यांतच टाईप करावे लागतात.

दुसरी अडचण आपल्याकडे पावसाळ्यात हटकून येते. संगणक बरेच दिवस बंद राहतो, आतली छोटी बॅटरी संपते, आणि चालू केल्यावर संगणकाची तारीख दहा-पंधरा वर्षं मागं गेलेली असते. मग प्रोग्रॅम म्हणतो, सर्टिफिकेट चालत नाही. सर्टिफिकेट म्हणजे सर्व्हरचं ओळखपत्र, आणि त्याला मुदत असते. संगणकाला आज कोणतं साल आहे तेच ठाऊक नसेल, तर तो मुदत कशी तपासणार? तारीख आणि वेळ नीट लावा, अडचण आपोआप जाते. बॅटरी नाणं-एवढी असते आणि स्वस्त मिळते, ती बदलून घ्या.

तारीख बरोबर असूनही सर्टिफिकेटची तक्रार येत असेल, तर घाईनं 'एक्सेप्शन' दाबून पुढं जाऊ नका. पुष्कळदा सर्व्हरचं नाव चुकलेलं असतं. आपण आपल्या डोमेनचं नाव लिहितो, आणि ओळखपत्रावर कंपनीच्या सर्व्हरचं नाव असतं. कंपनीला विचारून बरोबर नाव घाला.

तिसरी अडचण लाईटची आणि नेटवर्कची. इथं संगणकातला प्रोग्रॅम उलट उपयोगी पडतो. थंडरबर्ड आयमॅपच्या पत्रांची प्रत संगणकातही ठेवू शकतो. नेटवर्क नसलं तरी जुनी पत्रं वाचता येतात. उत्तर लिहून 'सेंड लेटर' केलं की ते 'आउटबॉक्स'मध्ये थांबतं. नेटवर्क आल्यावर तिथलं टपाल गेलं की नाही, तेवढं आठवणीनं बघा. नाही तर पत्र आपल्याच घरात पडून राहतं आणि आपण समजतो ते पोचलं.

चौथी अडचण, पेटी भरणं. बागेचे मोठमोठे फोटो येतात-जातात आणि पेटी तुडुंब भरते. मग आलेलं पत्र पाठवणाऱ्याकडे परत जातं. हंगाम सुरू होण्याआधी पेटी झाडून घ्या.

पत्र गेलं, पण पोचलं का?

"मियां मेल धाडलंय, पण तेंका गावलोच नाय," अशी तक्रार पुष्कळ जण करतात. पत्र पोचलेलं असतं, पण समोरच्याच्या 'स्पॅम'मध्ये, म्हणजे कचऱ्याच्या टोपलीत. त्याला एक ठरावीक कारण असतं.

तुमचं नाव लावून कुणी तिसराच पत्र पाठवू शकतो, जसं कुणीही पाकिटाच्या मागं तुमचा पत्ता लिहू शकतो. ते ओळखण्यासाठी डोमेनच्या नोंदींत दोन गोष्टी ठेवतात. एक 'एसपीएफ'. या डोमेनचं टपाल कोणकोणत्या सर्व्हरनं पाठवायचं, त्याची ती यादी. दुसरी 'डीकेआयएम'. ती प्रत्येक पत्रावर उठणारी मोहोर. पत्रात वाटेत फेरफार झाला तर मोहोर जुळत नाही. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी ही ओळख मागायला सुरुवात केली आहे. ती नसेल तर पत्र कचऱ्यात जातं किंवा नाकारलं जातं.

तपासणी सोपी आहे. आपल्या पेटीतून एका जीमेल पत्त्यावर पत्र पाठवा. ते संगणकावर उघडा, पत्राच्या उजव्या बाजूच्या तीन ठिपक्यांवर दाबून 'शो ओरिजिनल' निवडा. एसपीएफ आणि डीकेआयएम या दोन्हींपुढं 'पास' लिहिलेलं दिसलं पाहिजे. नसेल तर पेटी देणाऱ्या कंपनीला सांगा. नोंदी कोणत्या करायच्या ते त्यांनीच द्यायचं असतं. 'थोडे दिवसांनी होईल आपोआप' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. ते आपोआप होत नाही.

खाते क्रमांकाची चोरी

आता सगळ्यांत काळजीची गोष्ट. चोर पासवर्ड मिळवतो आणि लगेच काही करत नाही. गपचूप पत्रं वाचत राहतो. मोठा व्यवहार ठरला, बिल जायची वेळ झाली, की तुमच्याच पेटीतून किंवा एका अक्षरानं वेगळ्या डोमेनवरून गिऱ्हाइकाला पत्र जातं: 'आमचा बँक खाते क्रमांक बदलला आहे, पैसे नव्या खात्यात भरा.' गिऱ्हाईक पैसे भरतं. माल तुमचा जातो आणि पैसे चोराला मिळतात.

यावर उपाय आपल्या हातात आहेत. आपल्या दरपत्रकावर आणि बिलावर एक ओळ छापा: 'आमचा खाते क्रमांक ईमेलनं बदलला जात नाही. शंका आल्यास फोन करावा.' तुम्हाला असं पत्र आलं, तर आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करा, पत्रात दिलेल्या नंबरवर नव्हे. पेटीला दोन टप्प्यांची तपासणी, म्हणजे पासवर्ड आणि वर मोबाईलचा कोड, अशी सोय असेल तर ती चालू करा. महिन्यातून एकदा पेटीच्या वेबवरच्या सेटिंगमध्ये जाऊन 'फॉरवर्डिंग' बघा. चोर तिथं स्वतःचा पत्ता घालून ठेवतो आणि तुमच्या प्रत्येक पत्राची प्रत त्याला जात राहते.

फसवणूक झालीच तर लाजेपायी गप्प बसू नका. १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करा आणि आपल्या बँकेलाही कळवा. पहिल्या काही तासांत कळवलं, तर पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

राखण

बाग लावून विसरता येत नाही, राखण करावी लागते. इथंही तसंच आहे.

आयमॅप म्हणजे बॅकअप नव्हे, हे लक्षात असू द्या. एका जागी पत्र पुसलं की सगळीकडून पुसलं जातं. म्हणून हंगाम संपल्यावर, पावसाळ्यात सवड असते तेव्हा, थंडरबर्डच्या 'टूल्स'मधल्या 'एक्स्पोर्ट'नं प्रत काढा आणि वेगळ्या डिस्कवर ठेवा. ती डिस्क संगणकाला कायम जोडून ठेवू नका. वीज पडली तर दोन्ही एकदम जातील. ढग गडगडायला लागले की संगणकाची आणि नेटची पिन काढून ठेवण्याची सवय घरातल्या सगळ्यांना लावा.

दुसरं, डोमेनच्या फीची तारीख. जमिनीचा सातबारा आणि डोमेन यांत एक फरक आहे. डोमेन मुदतीपुरतंच आपलं असतं. फी चुकली, नंतर मिळणारी सवलतीची मुदतही टळली, की ते नाव कुणीही घेऊ शकतो. मग तुमच्या नावानं येणारं टपाल त्या माणसाच्या हाती. तेव्हा तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, आणि शक्य असेल तर तीन-पाच वर्षांची फी एकदम भरा. सूचनेची पत्रं येतात ती त्याच डोमेनच्या पेटीत येऊ देऊ नका. डोमेन बंद पडलं तर सूचना तरी कुठं येणार? त्यासाठी दुसरा पत्ता द्या.

तिसरं, ही सगळी माहिती एका वहीत लिहून कुलपात ठेवा आणि घरातल्या दोघांना माहीत असू द्या. मुलगा किंवा पुतण्या सगळं करतो आणि नोकरीसाठी पुण्या-मुंबईला जातो. मागं राहिलेल्यांना पासवर्डसुद्धा ठाऊक नसतो. पुष्कळ घरी टपालाचं काम सुना-मुली उत्तम सांभाळतात. किल्ली त्यांच्याही हाती द्या. संस्थेत सचिव बदलला तर कार्यभार देता-घेताना दप्तर, शिक्के यांच्याबरोबर डोमेनचा आणि पेट्यांचा पासवर्डही यादीत लिहा, आणि तो त्याच दिवशी बदला.

तर मंडळी, आजच्या बोलण्याचा सारांश असा:

डोमेन आपल्या नावावर घ्या.
माहिती आधी कागदावर उतरवा.
पेटी आयमॅपनं बसवा: येणाऱ्याला ९९३, जाणाऱ्याला ४६५ किंवा ५८७.
पत्र पाठवून, उत्तर मागवून खात्री करा, आणि एसपीएफ व डीकेआयएम 'पास' आहेत ना ते बघा.
खाते क्रमांकाचा बदल फोनवर विचारल्याशिवाय मानू नका.
फीची तारीख चुकवू नका आणि वर्षाला एकदा प्रत काढून ठेवा.

पहिल्यांदा हे करायला अर्धा दिवस जाईल. जाऊ दे. कलम लावताना खड्डा नीट खणला, माती नीट भरली, तर पुढं झाड आपलं आपण वाढतं. यंदाच्या हंगामाआधी, पावसाळ्याच्या एखाद्या दुपारी, हे काम उरकून घ्या. मग मोहोर येईल तेव्हा ऑर्डरीही तुमच्याच नावाच्या पेटीत येतील.